गालबोट

"तीट कुठं गेली रे?"

फोटो हातात घेतल्यावर आईने एवढंच विचारलं. त्या एका फोटोवर मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. वाकडं क्षितिज सरळ केलं, काळवंडलेला चेहरा उजेडात आणला, कडेला घुसलेलं परक्या माणसाचं कोपर काढून टाकलं आणि हौसेने आठ बाय दहाची प्रिंट करून आणली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या ब्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना यातलं काहीच दिसलं नाही. दिसलं ते पणतीच्या गालावर जे नव्हतं ते. भाऊबीजेच्या दिवशी घरातून निघताना आईनेच काजळाचं बोट त्या गालावर टेकवलं होतं.

मी काढली नव्हती ती तीट. निदान जाणूनबुजून तरी नाही. फोटो नीट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्वचा साफ करण्याचं एक बटण असतं. ते दाबलं की मुरूम, डाग, ओरखडे आपोआप हुडकले जातात आणि शेजारच्या त्वचेचा पोत उचलून त्यांच्यावर चढवला जातो. काजळाचा ठिपका त्याला डाग वाटला, आणि त्याचं तसं चुकलंही नाही. तीट म्हणजे डागच. तो मुद्दाम लावलेला आहे, एवढंच त्या बटणाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मराठीत याच ठिपक्याला गालबोट म्हणतात, आणि चांगल्या कार्याला गालबोट लागलं म्हणजे काहीतरी बिनसलं. नजर लागू नये म्हणून आपण हाताने लावतो तो डाग आणि लागू नये लागू नये म्हणताना लागतो तो डाग, दोन्ही आपण एकाच शब्दात ठेवून दिले आहेत. लहान मुलांचे फोटो दुरुस्त करायला बसलेल्या माणसाची सगळी अडचण त्या शब्दात आहे.

फोटो बीबी का मकबऱ्यातला. भाची पुण्याहून आली होती. तिची पावणेचार वर्षांची लेक, नव्या परकर-पोलक्यात, दोन वेण्या, लाल रिबिनी. "इकडे बघ, हस, चीज म्हण" या तिन्ही आज्ञा तिने धुडकावल्या आणि ती पळत सुटली. मी मागून सत्तेचाळीस फोटो काढले. सत्तेचाळिसांपैकी एका फोटोत ती पळता पळता वळून हसली होती. बाकी त्या फोटोत सगळंच चुकलं होतं. हात हललेला, नाकाखाली शेंबडाची बारीक रेघ, मकबरा पिसाच्या मनोऱ्यासारखा कललेला आणि चेहरा तव्याच्या बुडासारखा काळा.

चेहरा काळा का आला, ते सांगायला हवं, कारण तो दोष पोरीचा नाही आणि तिच्या रंगाचाही नाही. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर भोळा असतो. समोरचं सगळं जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे, असं तो धरून चालतो. समोर पांढराशुभ्र मकबरा आला की त्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो सगळंच दाबून टाकतो. मकबरा करडा होतो आणि मकबऱ्यापुढचं सावळं माणूस काळं होतं. आमच्या शहरातल्या निम्म्या घरांच्या अल्बममध्ये असे काळे चेहरे आणि करडे मकबरे आहेत. (गंमत म्हणजे तो पांढरेपणाही टचिंगचाच, म्हणजे वरून केलेल्या सफाईचाच आहे. दिलरास बानूच्या या कबरीला संगमरवर लागला तो खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधल्या बऱ्याच भागात काळा दगड आहे आणि त्याच्यावर चुन्याची गुळगुळीत घोटाई.)

हा दोष काढता येतो. कॅमेऱ्याची कच्ची, म्हणजे रॉ फाइल असेल तर प्रत्येक रंगाच्या 16384 पायऱ्या हाताशी असतात. मोबाइलवर फिरणाऱ्या नेहमीच्या जेपेगमध्ये 256. त्यामुळे कच्च्या फाइलमध्ये अंधारातही चेहरा शाबूत असतो, फक्त वर ओढावा लागतो. मी ओढला. गाल आले, भुवया आल्या, मग तिचा गव्हाळ-सावळा रंग आला. इथे थांबायचं असतं, आणि बहुतेक लोक थांबत नाहीत ते इथेच. ती पट्टी अजून थोडी सरकवली की मूल गोरं होतं. खांद्यावरून बघणारी भाची म्हणाली, "मामा, अजून जरा उजळ करा ना." मी विचारलं, "किती? ती आहे तेवढी, का तुला हवी तेवढी?" ती गप्प बसली. तिचा राग मला कळला, पण तिने विचारलं ते तिच्या मनचं नव्हतं. आपल्याकडे फोटोच तिला तसं विचारायला शिकवत आला आहे.

हे संगणकापासून सुरू झालेलं नाही. आमच्या शहरातल्या गुलमंडी-औरंगपुऱ्याकडच्या जुन्या स्टुडिओंत टचिंगसाठी एक तिरपं टेबल असायचं. खालून उजेड, वर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर काळं-पांढरं उलटं असतं. तिथे पेन्सिल फिरवली की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. म्हणजे पेन्सिलीने माणूस उजळच करता यायचा. गडद करायचा तर ब्लेडने थर खरवडावा लागे, आणि ते नाजूक काम सहसा कुणी अंगावर घेत नसे. 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हानफ्स्टेंगल यांनी एकाच माणसाचा टचिंगआधीचा आणि टचिंगनंतरचा असे दोन फोटो शेजारी मांडले होते आणि लोक चकित झाले होते. तेव्हापासून या धंद्याचा हात उजळाकडेच झुकलेला आहे. पुढे रंगीत फिल्म आली तीही गोऱ्या कातडीवर बेतलेली. लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅक जे नमुना-कार्ड देई, त्याच्यावर गोरी बाई असे. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. तपकिरी रंग नीट येत नाहीत अशी कुरकुर फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी केली, तेव्हा कुठे त्यात सुधारणेला जोर आला. माणसांच्या चेहऱ्यांसाठी नव्हे, लाकडासाठी आणि चॉकलेटसाठी! असो.

हाताचं काय करायचं? हात हललेला होता. मराठीत आपण म्हणतो, "फोटो हलला." मूल हललं असं म्हणत नाही, कॅमेरा हलला असंही म्हणत नाही. दोष कुणावरच न ठेवणारी ही वाक्यरचना मला फार आवडते. माझ्या थोरल्या भावाचा लहानपणचा एकच फोटो घरात आहे, 1964 सालचा. तिकाटण्यावरचा कॅमेरा, काळं कापड, "हलू नको बाळा" आणि बाळ हललं. दोन नाकं, चार डोळे. फोटोग्राफर पैसे घेईना. आमच्या वडिलांनी ते बळेच त्याच्या हातात कोंबले आणि तो हललेला फोटो घरी आणला. भाऊ आज साठीपलीकडे आहे, जेवतानाही पाय हलवतो. त्या फोटोइतका त्याच्यासारखा दिसणारा त्याचा दुसरा फोटो मी पाहिलेला नाही.

आणि हललेल्या, धूसर फोटोंना काही कमी मोठी वंशावळ नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही 1815 साली कोलकात्यात जन्मलेली बाई. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने कॅमेरा भेट दिला आणि 1864 च्या जानेवारीत तिला पहिला मनासारखा फोटो साधला. तो ॲनी नावाच्या एका लहान मुलीचा होता. कॅमेरॉनबाईंच्या काचांवर बोटांचे ठसे असत, ओरखडे असत, फोकस सैल असे. त्या काळच्या फोटोग्राफीच्या जाणकारांनी तिची टर उडवली. ज्यांच्या फोटोंत एकही ओरखडा नव्हता अशा त्या जाणकारांपैकी किती जणांची नावं आज कुणाला आठवतात?

तरी हाताचा मोह मला झालाच. फोकस चुकलेला आणि फोटो हललेला, हे दोन वेगळे आजार. हलण्याला दिशा असते, त्यामुळे ती दिशा ओळखून थोडाफार मागे फिरता येतं. पण जे फिल्मवर किंवा सेन्सरवर उतरलंच नाही, ते कुठून आणणार? पूर्वी इथे हात टेकायचे. आता टेकत नाहीत. चेहरा 'पूर्ववत' करणारी ॲप्स आहेत. त्यातल्या एकाला मी हा फोटो दिला. अर्ध्या मिनिटात बोटं सुबक झाली, पापण्यांचा केस न् केस दिसू लागला आणि दातांची पंगत लागली. अडचण अशी, की दिवाळीच्या आधीच जिन्यावरून पडून पोरीचा वरचा एक दात गेला होता. ॲपने त्या फटीत दात बसवून दिला. हजारो मुलांचे चेहरे पाहून त्याने ठरवलं होतं, की या वयाच्या मुलीला इथे दात असतो. समोरच्या मुलीला त्याने पाहिलंच नव्हतं. 2023 साली गूगलने पिक्सेल 8 या फोनमध्ये याच्या एक पाऊल पुढची सोय आणली. एकाच वेळी काढलेल्या चार-सहा फोटोंतून प्रत्येकाचा 'चांगला' चेहरा निवडायचा आणि एका फोटोत बसवायचा. सगळे एकदम हसतात, कुणाचे डोळे मिटलेले नसतात. निदान चेहरे त्याच माणसांचे, हे खरं. पण सगळे तसे हसलेत असा क्षण कधी आलेलाच नसतो.

दुरुस्ती कुठवर करायची, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात फार जुना आहे. शहरापासून शंभर किलोमीटरवर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एका पोराचं चित्र आहे. भलामोठा बुद्ध भिक्षापात्र घेऊन दारात उभा, समोर चिमुकली यशोधरा आणि तिने पुढे केलेला राहुल, मान वर करून बापाकडे बघणारा. या लेण्यांनी दुरुस्तीचे हात बरेच सोसले. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी 1872 ते 1885 या काळात नकला करत होते, तेव्हा रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वॉर्निश फासलं गेलं. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो सेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटलेले पोपडे चिकटवले, ढासळणाऱ्या कडा चुन्याने पक्क्या केल्या, पुष्कळ चित्रं वाचवली. पण वर लाखेच्या रोगणाचा थरही आला. तो काही वर्षं चकाकला, मग पिवळा पडत गेला, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची पुढची कित्येक दशकं तो उतरवण्यात गेली. तेव्हा तो थर देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. माझ्याही नव्हती, बटण दाबताना.

त्याच इटलीत, रोमच्या कलाकृती-दुरुस्तीच्या संस्थेत, 1940 च्या दशकात एक शहाणी रीत रुळली. चित्राचा गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून पाहिलं की चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की कळतं, ही जागा मागाहून भरलेली आहे. अजिंठ्यात तर रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवल्या आहेत. पोपडा गेला तिथे साधा मातकट गिलावा दिसतो. राहुलच्या त्या चित्रासमोर मी शाळेच्या सहलीपासून कितीतरी वेळा उभा राहिलो आहे. कुणीतरी ती भोकं रंगवून द्यावीत असं मला कधी वाटलेलं नाही.

रेघांची रीत मात्र घरच्या फोटोला चालत नाही. मग मला एक घरगुती माप सापडलं: पदर. फोटो काढण्याआधी आईला अर्धा मिनिट मिळाला असता तर तिने पदराने काय पुसलं असतं? शेंबूड नक्कीच पुसला असता. तो मी पुसला, आणि त्यात खोटेपणा केला असं मला वाटत नाही. उद्या ती पोरगी मोठी झाल्यावर तिच्या शेंबडाचा फोटो चारचौघांत फिरावा असं तिलाही वाटणार नाही. ओठाला लागलेला करंजीच्या सारणाचा कण? तो भाचीने पुसला असता, माझ्या आईने नसता. मी राहू दिला. दाताची फट पदराने बुजत नाही. गुडघ्यावरची खपली पुसली जात नाही, ओढली तर रक्त येतं. आणि रंग तर कुठल्याच पदराने पुसला जात नाही. परक्या माणसाचं कोपर? ते या मापात बसत नाही, पण त्याला आईने "जरा बाजूला व्हा हो" नक्की म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कच्च्या फाइलपासून सुरुवात केली. बटणाला हात लावला नाही. शेंबूड आणि कोपर हाताने, एकेक ठिपका करत काढलं. हलता हात तसाच ठेवला. चेहरा थोडा कमी उजळला, तरी सावलीत बारीक दाणे राहिले. ते गुळगुळीत करता आले असते, पण दाण्यांबरोबर गालावरची लवही गेली असती. दोनशे टक्के मोठं करून पाहिलं तेव्हा तीट नीट दिसली. ती गोल नव्हती. कडा एका बाजूला ओढली गेलेली, आणि मधोमध बोटाच्या रेषांची दोन-तीन अर्धवर्तुळं. आईच्या उजव्या हाताचं मधलं बोट. बँकेत आधारचं यंत्र ज्या हाताचे ठसे कधी घेत नाही, तोच हात. अंगठा लावून लावून दमलेली आई, यंत्रावर लाल दिवा आणि "आजी, पुन्हा दाबा" म्हणणारा मुलगा, हे सगळं स्क्रीनसमोर बसून आठवलं.

प्रिंट आईला दाखवली. तिने ती लांब धरली, जवळ धरली. "आता आहे," म्हणाली, आणि टीव्हीकडे वळली.

भाचीने दोन्ही फोटो मागवून घेतले, साफ केलेला आणि दुसरा. स्टेटसवर साफ केलेला लावला. मी काही बोललो नाही. उरलेले शेहेचाळीस फोटो पोरीला लॅपटॉपवर दाखवले, तेव्हा तिने त्यातल्या एकावर बोट ठेवलं. त्यात ती नाहीच. फरशी आहे, कारंज्याच्या हौदाची कड आहे आणि चौकटीबाहेर निघालेल्या वेणीची सुटलेली लाल रिबीन, हवेत. "ही माझी," ती म्हणाली. "ही पण धुवा."

'धुवा' हा शब्द तिला कुणी शिकवला, कोण जाणे. आमच्या घरात रोल धुवायला टाकून वीस वर्षं झाली.