सक्तीचे दान
मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व तितक्याच खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या, असा दंडक आहे. परंतु गीतेने कर्तव्यबुद्धीने, प्रत्युपकाराची अपेक्षा न धरता दिलेल्यालाच सात्त्विक दान म्हटले असता, कायद्याने वसूल केलेल्या या दानास धर्म म्हणावे काय? एका वृद्ध आप्ताच्या शस्त्रक्रियेप्रसंगी, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हाती धरून खिडकीपाशी तिष्ठत असता, हा प्रश्न मला निव्वळ पंडिती वाटला. दात्याच्या चित्तशुद्धीची चिकित्सा निरोग्यांनी फुरसतीने करावी. रोग्याच्या खाटेचा तिच्याशी काय संबंध? शिवाय करमाफी आणि कित्येक ठिकाणी सरकारी जमीनही पदरात पाडून घेतलेल्या संस्थेने राखलेल्या खाटेस दान म्हणणे मला तरी जड जाते.