गळ आणि मत्स्यबीज

अॅरिझोनाच्या डोंगरी ओढ्यांतला अपाची ट्राउट 2024 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या संघीय यादीतून बाहेर पडला. हौशी मासेमार ज्याच्या मागे असतात असा मासा सावरला म्हणून यादीतून वगळला गेला, तो हा पहिलाच. लगेच सोयीचा निष्कर्षही निघाला: गळ आणि संरक्षण यांत भांडण नाहीच, मधला मार्ग काढता येतो. मधल्या मार्गाचे नाव निघाले की आपल्याला हायसे वाटते आणि पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात.

कायद्यातला मार्ग असा. अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींविषयीच्या 1973 च्या कायद्याचे कलम 9 इतके कडक आहे की संकटग्रस्त मासा जाणूनबुजून पकडून जिवंत सोडून दिला तरी तो गुन्हाच. मात्र प्रजातीचा दर्जा एक पायरी उतरवून 'धोक्यात' असा केला की कलम 4(डी) खाली खास नियम करता येतात. 1975 मध्ये अपाची ट्राउटला असा दर्जा मिळाला आणि राज्याच्या देखरेखीखाली गळ टाकण्याची वाट मोकळी झाली. या मार्गावरचे दोन आक्षेप बाजूला ठेवता येतात. गळ म्हणजे क्रौर्य असे मानणाऱ्यांचा आक्षेप प्रत्येक माशाच्या वेदनेबद्दल आहे, वंशाबद्दल नाही. सरकारने नद्यांत लक्ष घालूच नये म्हणणाऱ्यांनी धरणे कोणी बांधली ते आठवावे.

पण एक युक्तिवाद सहजी सोडता येत नाही. हौशी मासेमारच माशाचा खरा रक्षक, कारण पैसा तोच देतो. पैसा तो देतो, हे खरे. 1950 च्या डिंजेल-जॉन्सन कायद्याने गळ, काठ्या, रिळे यांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे वळवला. पण त्याची वाटणी कशी होते? 40 टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर, 60 टक्के परवानाधारक मासेमारांच्या संख्येवर. परवाने वाढले की निधीतला वाटा वाढतो, आणि परवाने वाढतात ते मासा गळाला लागतो म्हणून. तो कोणत्या वंशाचा, हे या हिशेबात येतच नाही. मग खात्यांनी मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेले रेनबोसारखे बाहेरचे ट्राउट ओढ्याओढ्यांत सोडले, यात नवल काय? अपाची ट्राउटला मुख्यतः याच पाहुण्यांनी संपवत आणले. रेनबोने त्याच्याशी संकर केला. ब्राउन आणि ब्रूक ट्राउटने त्याची पिले खाल्ली, जागा बळकावली. तो उरला त्याचे मोठे श्रेय व्हाइट माउंटन अपाची जमातीला. संघीय कायदा येण्याच्या कितीतरी आधी, 1950 च्या दशकात, तिने आपल्या हद्दीतले ओढे गळाला बंद केले. पैसा देणारा रक्षक त्या वेळी दाराबाहेर होता.

ज्या माशावर गळाची हौस भागत नाही, त्याचे काय? 1962 मध्ये फ्लेमिंग गॉर्ज धरण भरण्याआधी ग्रीन नदीत शेकडो मैल रोटेनोन हे विष सोडले गेले. 'निरुपयोगी' देशी मासे मारून ट्राउटसाठी पाणी मोकळे करायचे होते. त्या नदीचे बोनीटेल, रेझरबॅक सकर पुढे संकटग्रस्तांच्या यादीत आले.

म्हणून माझ्या लेखी गळ आणि संरक्षण यांचा तोल हा दुय्यम प्रश्न आहे. पाण्यातून मासा काढणारा हात वेगळा आणि पाण्यात मासा सोडणारा हात वेगळा. काढण्याला मर्यादा घालता येते, आणि हंगाम बंद केला की नुकसान बहुधा भरून येते. सोडलेले बीज वंशात मिसळले की ते परत वेचता येत नाही. ओढा विषाने धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कायद्याची नजर मात्र पहिल्या हातावर खिळलेली. संघीय पैशातून मत्स्यबीज सोडायचे तर कलम 7 खाली सल्लामसलत करावी लागते, हे मला ठाऊक आहे. पण ती प्रकल्पागणिक होते, आणि निधीचे सूत्र जसेच्या तसे राहते.

आपणही यातून सुटलेलो नाही. पुण्याच्या मुळा-मुठेवरून 1839 मध्ये शास्त्राला परिचित झालेला खुद्री महसीर लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढवला गेला आणि त्याचे बीज थेट कावेरीत पोचले. हेतू चांगलाच होता. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. तो घटत गेला आणि खुद्री वाढत गेला, हे कळले ते हौशी मासेमारांनी ठेवलेल्या नोंदींमुळे. त्या नोंदींबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण त्यांनी दाखवले ते सोडणाऱ्या हाताचे काम, आणि बंदीची चर्चा आजही गळाभोवतीच चालते.