आधी शरीराला विचारू

बैस. बाळ झोपलं असेल तर बरंच, नसेल तर त्याला मांडीवर घे, पण बैस. पाठ भिंतीला टेकव, पाय लांब कर. पेडगावात दुपारी घरं जरा शांत होतात. माणसं रानात असतात, आणि परभणीहून मनमाडकडे निघालेली एखादी गाडी लांबूनच ऐकू येते. ही थोडी मिनिटं तुझी आहेत.

उजवा हात बेंबीवर ठेव, डावा ओटीपोटावर. श्वास आत येईल तसं पोट वर येऊ दे, बाहेर जाईल तसं खाली बसू दे. आत ओढून धरू नकोस. बाळंतपणानंतर बाया किती वेळा पोट आवळून चारचौघांत उभ्या राहतात! आत्ता समोर कुणी नाही. पाच-सहा श्वास असेच जाऊ देत.

आता या हातांखाली काय काय घडलं ते आठवू. बाळ जन्मलं त्या दिवशी तुझी गर्भपिशवी साधारण एक किलोची होती. दीड महिन्यात ती शंभर ग्रॅमच्या आत आली. बाळाला पाजताना ओटीपोटात कळ यायची ना, ती या आकसण्याचीच कळ होती. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एका पांढऱ्या चिवट पट्टीनं जोडलेले असतात. बाळाला जागा हवी म्हणून ती पट्टी ताणली, स्नायू एकमेकांपासून सरकले. कमरेच्या अगदी तळाशी स्नायूंचं एक जाळं असतं. गर्भपिशवी, लघवीची पिशवी आणि शौचाची वाट त्याच्या आधारानं असतात. त्यानं नऊ महिने ओझं पेललं आणि शेवटी बाळाला वाट करून दिली. हे सगळं तुझ्याच शरीरानं केलं. त्याच्याविषयी तक्रार असेल तर ती आपण ऐकणारच आहोत, पण त्याचं काम आधी मान्य करू.

एक श्वास घे.

आता स्वतःला एकच प्रश्न विचार. माझ्या शरीरातलं जे मला खुपतं, ते दुखतं, की अडवतं, की लाजवतं? उत्तराची घाई करू नकोस. तिन्ही एकत्रही असू शकतात. पण तिघांना वेगळं ओळखता आलं, तर पुढची वाट दिसते.

जे अडवतं, त्याच्याजवळ थांबू

खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी निसटते का? उकिडवं बसल्यावर खाली काहीतरी आल्यासारखं, जड-जड वाटतं का? अंग बाहेर येतं, असं आपल्याकडे बाया एकमेकींना हळू आवाजात सांगतात. डॉक्टरला मात्र सांगत नाहीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ होत्या. म्हणजे तुला जे होतंय ते तुझ्या एकटीचं नाही, आणि ते मुकाट्यानं सोसण्याची रीत फार जुनी आहे. ती पाळायलाच हवी असं नाही.

इथे शस्त्रक्रियेच्या आधी एक पायरी आहे. ती आत्ता, बसल्या जागी करून बघ. लघवी अडवताना जे आवळतं, तेच स्नायू आत आणि वर खेच. पोट, मांड्या, ढुंगण सैल राहू देत. श्वास चालू ठेव. मनात पाच अंक मोज, मग सावकाश सोड. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी हा व्यायाम १९४८ मध्ये मांडला, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. दर खेपेला आठ-दहा वेळा, दिवसातून तीन खेपा, निदान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र तो करायचा नाही. बाळंतिणीच्या बाजेचा सुंभ सैल पडतो तेव्हा कुणी बाज टाकून देत नाही, सुंभ ताणून घेतात. लघवी निसटणं यानं पुष्कळ जणींचं कमी होतं. अंग थोडंच उतरलं असेल तर जडपणाही हलका होतो. जास्त उतरलं असेल तर आधारासाठी आत बसवायची रबराची किंवा सिलिकॉनची कडी मिळते. ती डॉक्टर मापानं बसवून देतात.

एवढ्यानं भागलं नाही, तर शस्त्रक्रिया आहे, आणि तीही एकाच प्रकारची नाही. सैल पडलेल्या भिंती टाके घालून सावरता येतात. लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी घालता येते. गर्भपिशवी काढणं हा त्यातला एक मार्ग आहे, एकमेव नाही. हे आपल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नावाजलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा गर्भपिशवीच्या तोंडाचा टाका जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. अंग उतरलेल्या तरुण बायांसाठी त्यांनी पिशवी न काढता, तिला पट्टीनं मागे कण्याच्या हाडाशी टांगून धरण्याची पद्धत बसवली. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांनी पिशवी पोटाच्या पुढच्या मजबूत आवरणाशी बांधण्याची रीत दिली. बाई तरुण आहे, तिला पुढे मूल हवं असेल, हा विचार या दोन्ही पद्धतींच्या मुळाशी होता. शस्त्रक्रिया करणाऱ्यानं त्या बाईचं पुढचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवलं होतं.

आता शस्त्रक्रियेची दुसरी बाजू मनात येऊ दे, जड वाटली तरी. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. चाळिशी न गाठलेल्या कितीतरी त्यांत होत्या. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, मुकादमाची उचल अंगावर असते, दुखणं काढायला सवड नसते. अशा वेळी ‘काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटतो. पण अंगावरून पांढरं जाण्यावर पिशवी काढणं हा उपचार नाही, कंबरदुखीवरही नाही. पिशवीसोबत अंडाशयंही काढली, तर पाळी अकाली जाते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात.

या दोन चित्रांपाशी जरा वेळ बस. दोन्हीकडे शस्त्रक्रियाच आहे. एकीकडे बाईला जपून तिचा त्रास काढला, दुसरीकडे तिच्या कामाचा खोळंबा काढला. आपल्यापुढे शस्त्रक्रियेचा विषय निघेल तेव्हा ती यातली कुठली, हे ओळखायला हवं.

जे दुखतं, त्याच्याजवळ

पोट मऊ, पुढे आलेलं, उठताना मधोमध उंचवटा दिसतो का? उताणी झोप, गुडघे वाकव, बेंबीच्या वर बोटांची टोकं ठेव आणि डोकं किंचित उचल. बोटांखाली खाच लागेल. दोन बोटांहून जास्त रुंद असेल तर स्नायू अजून लांब आहेत. सीझर झालं असेल तर टाके पूर्ण भरल्यावरच हे कर. पुष्कळ जणींची खाच पहिल्या दोन महिन्यांत बरीच भरते, पुढेही हळूहळू भरत राहते. ती भरेपर्यंत उठताना आधी कुशीवर वळायचं आणि हाताचा रेटा देऊन उठायचं.

वर्ष होऊनही खाच रुंदच राहिली, कंबर धरते, ओझं उचलवत नाही, तर स्नायू जवळ आणून शिवता येतात. बरेचदा त्याच वेळी सैल कातडीही काढतात. ‘टमी टक’ म्हणतात ते हेच. ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद जातो, बेंबी नव्या जागी बसवावी लागते. पुढे महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, म्हणजे कडेवरचं लेकरूसुद्धा नाही. जखम चिघळणं, आत पाणी साठणं, पायात रक्ताची गाठ होणं, कातडी बधिर राहणं हे धोके आहेत, आणि व्रण कायम राहतो. म्हणून बाळाचं अंगावरचं दूध सुटलेलं असावं, वजन स्थिरावलेलं असावं, आणि आणखी मूल हवं असेल तर ते आधी होऊ द्यावं. पुन्हा दिवस राहिले की शिवलेलं परत ताणतं.

बेंबीपाशी फुगवटा असेल तर तो हर्निया असू शकतो. तो कडक झाला, दुखू लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर मनन बाजूला ठेवून त्याच क्षणी परभणीचं मोठं रुग्णालय गाठ.

आणि जे लाजवतं

पुन्हा श्वास घे. पोटावरचे वळ, ओघळलेली छाती, सैल कातडी. यांत दुखत काही नाही, तरी आरशासमोर मन खट्टू होतं. त्यालाही खोटं म्हणू नकोस. छाती उचलण्याची शस्त्रक्रिया असते, चरबी ओढून काढण्याचीही असते. आपल्या शरीरात आपल्याला बरं वाटावं, ही इच्छा हलकी नाही, आणि ती शहरातल्या बाईचीच असते असंही नाही. फक्त विचार, ही नजर कुणाची? तुझी, की नवऱ्याच्या एखाद्या बोलण्याची, की मोबाईलवर बाळंतपणानंतर महिन्याभरात सपाट पोट दाखवणाऱ्या बाईची? ज्या दिवशी कुणी काही बोललं असेल, त्या दिवशी ठरवू नकोस. वर्षभर थांब. वळ तोवर फिके, चंदेरी होतात. दूध सुटल्यावर छाती आपला आकार धरायला काही महिने घेते. चरबी ओढून काढल्यानं वजन उतरत नाही, कातडीही घट्ट होत नाही, हेही माहीत असू दे. हे सगळं जाणून, वर्षानंतरही इच्छा तशीच आणि तुझीच असेल, तर ती बोलून दाखवायला संकोच नको.

आता हात मांडीवर घे. डोळे मिटले असतील तर उघड.

उपचाराला पर्याय तेव्हाच म्हणायचं, जेव्हा बाईला ‘हो’ म्हणता येतं, ‘नको’ म्हणता येतं आणि ‘आत्ता नको’ही म्हणता येतं. म्हणून डॉक्टरपुढे बसशील तेव्हा चार गोष्टी विचार. मला नेमकं काय झालंय? शस्त्रक्रियेशिवाय काय करता येईल? थांबले तर काय बिघडेल? काय काढणार आणि काय ठेवणार? उत्तर समजेपर्यंत अंगठा उठवायचा नाही, सही करायची नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा पहिल्याचा अपमान नाही.

सुरुवात त्याहून जवळ आहे. बाळाला डोस द्यायला दीड महिन्यानं, अडीच महिन्यानं, साडेतीन महिन्यानं तू जातेसच. तिथे सगळे बाळाचं वजन बघतात, बाळाचा ताप विचारतात. या खेपेला सिस्टरला किंवा आशाताईला स्वतःबद्दलचं एक वाक्य सांग. जे दुखतं, अडवतं किंवा लाजवतं, त्यातलं एक. आज ते मनात जुळवून ठेव, आणि त्या दिवशी मोठ्यानं बोल.