जात कोंबडीची, पारख माणसाची

'जात' हा शब्द मराठीत आपण आंब्याला लावतो, भाताला लावतो, कोंबडीला लावतो आणि माणसालाही लावतो. पहिल्या तिन्ही ठिकाणी तो उपयोगी आहे. चौथ्या ठिकाणी त्याने किती माणसे दाराबाहेर उभी ठेवली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. शब्द एकच असल्यामुळे आपली अशी समजूत होऊन बसते की, कोंबडीची जात पाहून तिचा स्वभाव सांगता येतो, तसाच माणसाचे घराणे पाहून त्याचाही सांगता यावा. 'खाण तशी माती' असे म्हणून आपण मोकळे होतो. ही समजूत माणसापाशी तपासण्याआधी एकदा खुराड्यापाशी तपासून पाहावी. निदान तेथे तरी ती पूर्णपणे खरी ठरायला हवी.

कोंबडीची जात ओळखणे ही काही गूढ विद्या नव्हे. जाणता माणूस प्रथम तुरा पाहतो, मग कानाची पाळी, मग पायांचा रंग आणि शेवटी पक्ष्याची उभे राहण्याची ढब. व्हाइट लेगहॉर्न ही मूळची इटलीची. तिचा तुरा मोठा, एकेरी आणि एका बाजूला कललेला. पाळी पांढरी, पाय पिवळे, अंडे पांढरे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड गडद तांबूस. तिची पाळी तांबडी आणि अंडे तपकिरी. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातल्या कडकनाथाची पिसे, तुरा आणि पाय तर काळे असतातच, पण मांसही काळपट असते. असीलची मान उंच, पाय मजबूत, पिसे आखूड व अंगाला घट्ट बसलेली आणि तुरा वाटाण्याच्या दाण्यांच्या तीन ओळी मांडाव्यात तसा बुटका. नावावर मात्र विसंबू नये. पायांवर पिसे असलेली 'कोचीन' कोंबडी केरळातली नव्हे, चीनमधली. आणि 'ब्रह्मा' हे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असले, तरी ही जात शांघायहून नेलेल्या पक्ष्यांपासून अमेरिकेत घडली.

जातीबरोबर स्वभावही येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. लेगहॉर्न चपळ आणि बुजरी असते. माणसाची चाहूल लागताच ती फडफडून दूर पळते. अंडी पुष्कळ देते, पण सहसा खुडूक बसत नाही. ऱ्होड आयलंड रेड त्या मानाने शांत. असीलचे दोन नर समोरासमोर आले की झुंज ठरलेली. पण हे स्वभाव आले कोठून? खुडूक बसलेली कोंबडी तितके दिवस अंडी देत नाही. म्हणून अंड्यांच्या हव्यासापोटी माणसाने खुडूक न बसणाऱ्या कोंबड्यांचीच वीण वाढविली, आणि उबवण्याची ओढ त्या जातीतून जवळजवळ निघून गेली. झुंजीतून पळणाऱ्या कोंबड्याची संतती कोणी राखली नाही, म्हणून असील झुंजार झाला. 1960 च्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरले; पण पैज लावणाऱ्या माणसाने पिढ्यान् पिढ्या त्या पक्ष्याच्या रक्तात जो राग भरला, तो कायद्याने कसा निघावा? कोंबडीची जात म्हणजे माणसाने तिच्याकडून काय मागितले याची नोंद होय.

ही नोंद बदलतादेखील येते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी लेगहॉर्न कोंबड्यांवर केलेला प्रयोग 1996 साली प्रसिद्ध झाला. एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या ठेवल्या की त्या एकमेकींना टोचून मारीत. सर्वांत जास्त अंडी देणारी एकेकटी कोंबडी निवडण्याऐवजी, ज्या बहिणी-बहिणी एका पिंजऱ्यात नीट नांदत आणि अंडी देत, तो सारा गटच म्यूर यांनी पुढच्या विणीसाठी निवडला. अवघ्या काही पिढ्यांत त्या पिंजऱ्यांतील वार्षिक मरतूक 68 टक्क्यांवरून 8.8 टक्क्यांवर आली. तुरा तोच, पाळी तीच, जात तीच. मागणे बदलले आणि स्वभाव बदलला.

दुसरे उदाहरण नॉर्वेचे. थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे या अभ्यासकाला लहानपणापासून कोंबड्या पाहण्याचा छंद होता. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट बाजूला होते, याची एक ठरलेली उतरंड प्रत्येक खुराड्यात असते, हे त्याने 1922 साली मांडले. त्याला हे दिसले, कारण तो त्यांतील एकेकीला चेहऱ्याने ओळखत होता. ही उतरंड टिकते तीही प्रत्येक कोंबडी दुसरीला व्यक्तिशः ओळखते म्हणूनच. जे खुराड्यातल्या कोंबडीला साधते, ते पुष्कळदा आपल्याला साधत नाही.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आठवडे बाजारातून आणलेल्या तलंगांत एक असीलच्या वळणाची निघाली. आईने तिची मान आणि तुरा पाहून सांगितले, "ही भांडखोर जातीची. इतरांत सोडू नकोस." मी तिला कित्येक दिवस डालग्याखाली वेगळी ठेवली. पुढे ती खुडूक झाली, तेव्हा तिच्याखाली दुसऱ्या कोंबड्यांची अंडी ठेवली. एकवीस दिवस ती दाण्यापाण्यापुरतीच उठे. पिल्ले निघाल्यावर एका दुपारी घार खाली आली, तेव्हा अंगणातल्या साऱ्या कोंबड्या पळाल्या. ही मात्र पंख पसरून, पिल्लांना पोटाखाली घेऊन जागीच उभी राहिली. जिला आम्ही भांडखोरपणा म्हणत होतो, तोच त्या दिवशी पिल्लांच्या कामी आला. यरुशलेमसाठी कळवळून बोलताना प्रभूने स्वतःला पिल्लांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली आहे. ती कोंबडी कोणत्या जातीची, हे संत मत्तयाने लिहिलेले नाही आणि संत लूकनेही नाही.

आईचे चुकले असे मी म्हणणार नाही. जात ओळखून तिने सावधगिरी सांगितली, ती बरोबरच होती. चूक माझी. सावधगिरीचा मी निवाडा केला आणि त्यानंतर त्या कोंबडीकडे पाहणेच सोडून दिले. जातीचे ज्ञान कशासाठी वापरायचे, हा खरा प्रश्न आहे. लेगहॉर्न बुजरी आहे म्हणून तिच्याजवळ हळू जावे, असीलचे नर झुंजतात म्हणून त्यांना निरनिराळे ठेवावे, हा त्या ज्ञानाचा योग्य उपयोग. कारण त्यात त्या जिवाचे भले आहे. तेच ज्ञान एखाद्या जिवाला डालग्याखाली कोंडून विसरून जाण्यासाठी वापरले, तर ते ज्ञान उरत नाही.

शुद्धतेच्या अभिमानाचीही तीच गत. 'असील' हा मूळचा अरबी शब्द. अर्थ अस्सल, कुलवंत. पण अस्सल म्हणावे असे खुराड्यात आहे तरी काय? पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. तथापि कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग तिला राखी रानकोंबड्याकडून मिळाला, असे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले; आणि हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आजही आरवतो. म्हणजे ज्या इटालियन लेगहॉर्नला आपण परकी म्हणतो, तिच्या पायांचा रंग आपल्या द्वीपकल्पातला आहे.

खुराड्यात, जेथे माणसाने स्वतः जोड्या लावून शेकडो पिढ्या निवड केली, तेथेसुद्धा 'खाण तशी माती' हे अर्धेच सत्य ठरते. मग माणसाच्या बाबतीत, जेथे अशी निवड कोणी केलेली नाही, तेथे आपण ते पूर्ण सत्य कसे मानतो? आडनावात इतिहास असतो, स्वभाव नसतो. शिवाय माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे. जन्मतः लाभलेल्या प्रवृत्तीवर सवयीने सद्गुण घडविता येतो आणि देवाची कृपा त्या प्रवृत्तीला पूर्णत्वाकडे नेते, अशी संत थॉमस अॅक्विनास यांची शिकवण आहे. ज्याला घडण्याची मुभा आहे, त्याच्याविषयी आधीच निकाल देणे म्हणजे देवाच्या कामाला मर्यादा घालणे होय.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील नथनेल आठवावा. येशू नाझरेथचा आहे हे ऐकताच, त्या गावातून चांगले काही निघेल का, अशी शंका त्याने काढली. हा नथनेल स्वतः गालीलातील काना गावचा. नाझरेथहून फारसा दूरचा नव्हे. पुष्कळदा असेच घडते. सर्वांत कठोर निवाडा शेजारचाच करतो. त्याच्या मित्राने, फिलिपाने, वाद घातला नाही. येऊन पाहा, एवढेच सुचविले. आणि प्रभूने नथनेलाला त्याच्या गावावरून जोखले नाही. अंजिराच्या झाडाखाली तुला पाहिले होते, असे सांगून तो त्याच्याशी बोलला.

आता जे सांगायचे आहे, ते सांगणे मला जड जाते. वसईच्या पट्ट्यात सामवेदी, वाडवळ, कोळी असे आपले समाज आहेत. गोव्यातही बामण, चारडी असे भेद ख्रिस्ती घरांत आजवर टिकले आहेत. चालीरीती, बोली, पोशाख यांचे वैभव म्हणून ते जपावेत, यात वाद नाही. 1983 च्या कॅनन लॉमध्ये विवाहाला आड येणाऱ्या बाबी दिल्या आहेत. त्यांत जात नाही. तरीही माझ्या पुतण्याने आमच्याच धर्मग्रामातील, पण दुसऱ्या समाजातील एका मुलीचे नाव घरी काढले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी विचारले, "कोणातली?" ती कशी आहे, हे कोणीही विचारले नाही. मला ती ठाऊक होती. आजारी शेजारणीची सेवा करताना मी तिला पाहिले होते. तेवढे सांगितले असते तरी पुरे होते. मी गप्प बसलो, आणि ते लग्न झाले नाही.

पुढे त्या मुलीचा संसार दुसरीकडे उभा राहिला, पुतण्याचाही राहिला. रविवारी मिस्साला आम्ही एकाच वेदीपुढे जातो. ती मला आदराने 'काका' म्हणते, आणि मला तिच्याकडे नीट पाहवत नाही. आता धाकट्या पुतणीची स्थळे येऊ लागली आहेत. घरात पहिला प्रश्न तोच निघेल, हे मला माहीत आहे. त्या वेळी फिलिपाचे काम कोणीतरी केले पाहिजे; आणि या खेपेस ते माझ्याकडे येते, असे मी मानतो.