कापलेला घुमारा

माझ्या कपाटात साडेतीन इंचांची एक फ्लॉपी आहे. लेबलवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘ढोलकी, डावी, खुली’. 1990 साली दादरच्या एका स्टुडिओत मी प्रोग्रामर होतो. लावणीच्या रेकॉर्डिंगला आलेल्या एका काकांची ती थाप. आम्ही ती अकाईच्या एस-950 सॅम्पलरमध्ये भरून घेतली होती. मशीनची मेमरी साडेसातशे किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. बारा बिट, म्हणजे आवाजाची पातळी मोजायला 4096 पायऱ्या. सीडीला त्या 65,536 असतात. त्यातच घुंगरू, टाळ आणि तुणतुणंही बसवायचं होतं. मग मी सॅम्पलिंगचा वेग उतरवला, वरची झिलई जाऊ दिली आणि थापेमागचा घुमारा कापून टाकला. काका त्या दिवसाचे पैसे घेऊन घरी गेले. ती थाप मी पुढं नऊ वर्षं वाजवली.

त्याच महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा मोठ्या उत्साहानं सांगितलं, “अण्णा, आता आवाज मरत नाही.” अण्णा पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवायचे. म्हणाले, “मग तू मीमांसक झालास की!”

मीमांसकांच्या मते शब्द नित्य असतो, उच्चारानं तो फक्त प्रकट होतो. दाखला देतात तो ओळखीचा. दुसऱ्यांदा ‘ग’ ऐकल्यावर आपण ‘तसाच ग’ म्हणत नाही, ‘तोच ग’ म्हणतो. नैयायिकांना हे मान्य नाही. विश्वनाथांच्या कारिकावलीत त्यावर औषधाचं उदाहरण आहे. ‘मीही तेच औषध घेतलं’ असं म्हणताना शेजाऱ्यानं गिळलेली गोळी काही आपल्या पोटात गेलेली नसते. जात एक, गोळ्या दोन. अण्णांच्या मते माझी फ्लॉपी म्हणजे अशा गोळ्यांची बाटली.

मी म्हटलं, “पण खरी थाप तर मी समोर बसून ऐकली ना?” त्यावर त्यांनी जे सांगितलं ते अजून मला सोडत नाही. भेरीवर दांडा पडतो तिथं पहिला शब्द उपजतो. तो दुसऱ्याला जन्म देतो आणि नाहीसा होतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यावर लाटेतून लाट उठावी तसं. कानात पोचतो तो त्या वंशातला शेवटचा. “काकांच्या बोटाखालचा शब्द तुलाही भेटलेला नाही,” अण्णा म्हणाले, “मशीननं वंश लांबवला, एवढंच.”

आज तरुण मुलं अशा जुन्या मशीनांच्या खरखरीसाठी जीव टाकतात. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांचं लाडकं यंत्र म्हणजे 1987 सालचं ई-म्यू एसपी-1200. तेही बारा बिटांचं, सेकंदाला 26,040 नमुने घेणारं, आणि सगळं मिळून जेमतेम दहा सेकंदांचं. जागा वाचवायला 33ची रेकॉर्ड 45वर फिरवून आवाज आत घ्यायचे आणि मग खाली ओढायचे. त्या ओढाताणीत जो दाणेदारपणा यायचा, तो आता सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून मिळतो. मला त्या मुलांची ओढ खोटी वाटत नाही. स्वच्छ आवाज आपण मूळच आहोत असं भासवतो. बारा बिटांच्या आवाजात किती पिढ्या मध्ये गेल्या ते ऐकू येतं. मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

पण ओळख म्हणजे प्रत्यभिज्ञा, आणि ती नुसत्या कानानं होत नाही. समोरचा आवाज आणि आत साठलेला संस्कार, दोन्ही लागतात. ज्याच्याकडे संस्कार नाही त्याला जात कळते, माणूस नाही. 1969 साली द विन्स्टन्स या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमननं चार मात्राचक्रं एकट्यानं ड्रम वाजवला. ते सहा-सात सेकंद सॅम्पलरवाल्यांनी हजारो गाण्यांत वापरले. जग त्यांना ‘आमेन ब्रेक’ म्हणतं. नाव गाण्याचं राहिलं, वाजवणाऱ्याचं नाही. कोलमन 2006 साली हलाखीत गेला. हे वाचलं तेव्हा काकांचे ते एका दिवसाचे पैसे मला आठवले, आणि ते हिशेबात बसत नाहीत.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात पत्ता काढून त्यांच्या मुलीकडे गेलो. फ्लॉपीवर बुरशी चढत होती म्हणून आवाज आधीच लॅपटॉपवर उतरवून घेतला होता. सोबत पाकीट नेलं होतं, ते तिनं देवापाशी ठेवलं, उघडलं नाही. मी थाप वाजवली. मला ती नेहमी पूर्णच ऐकू येते, कारण त्या दिवशी मी त्या खोलीत होतो. कापलेला भाग माझे कान आपोआप जोडून घेतात. तिचे कान जोडून घेत नव्हते.

“परत लावा,” ती म्हणाली. मी लावली.

“बाबाच आहेत. पण पुढचं कुठाय?”

मी मेमरीचं, किलोबाइटचं सांगू लागलो. तिनं हातानं थांबवलं, परत एकदा लावायला सांगितलं, आणि थाप जिथं तुटते तिथून तोंडानं घुमारा काढला, खालून वर, लांब, अगदी श्वास संपेपर्यंत.