वणवा आणि वारूळ

उन्हाळा लागला की म्हैसमाळ-खुलताबादच्या डोंगरांवर आणि कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात वाळलेले गवत पेटते. मग चर्चा होते: वणवे पूर्वीपेक्षा वाढले काय?

सूरह हुजुरात बातमीची शहानिशा करण्यास शिकवते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहांद्वारे देशात 2021-22 च्या हंगामात आगीच्या 2,23,333 नोंदी मिळाल्या, तर 2023-24 मध्ये 2,03,544. मात्र दोन-तीन हंगामांवरून कल ठरत नाही. जगात जळणारे एकूण क्षेत्र घटले आहे, कारण आफ्रिकेतील गवताळ माळ शेतीखाली आले. उलट, अतितीव्र वणवे 2003 पासूनच्या दोन दशकांत दुपटीहून अधिक झाले. म्हणून 'सर्वत्र वाढले' हे जसे अर्धसत्य, तसेच 'काहीच बदलले नाही' हेही.

पण आपली जबाबदारी या आकड्यांवर अवलंबून आहे काय? आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात: फेकलेली विडी, पेटवलेला बांध, 'जाळले की गवत जोमाने येते' हा समज. गुरांना चारा हवा, ही गरज खरी आहे. परंतु त्या आगीत जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडीही जळतात.

सुनन अबू दाऊदमध्ये नोंद आहे की, एका प्रवासात सहाबांनी मुंग्यांचे वारूळ जाळले. प्रेषितांना (स.) ते आवडले नाही, आगीने शिक्षा देण्याचा अधिकार आगीच्या मालकाचाच, असे त्यांनी बजावले. तेथे प्रश्न एकाच वारुळाचा होता, तरी तो क्षुल्लक ठरला नाही. वणवे वाढोत वा घटोत, आपल्या हातातील काडीचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल. अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.