पाण्याचा मशवरा

नळाला पाणी येण्याचा दिवस असला की आमच्या वर्गात काही मुली उशिरा येतात. आम्ही कारण विचारत नाही. घरोघरी हंडे कोण भरते, हे भिंगारमध्ये सर्वांनाच ठाऊक आहे. पण वीस वर्षांनी पाणी कसे पुरवायचे, हे ठरवताना या मुलींना कुणी विचारील काय?

हवामान बदलत आहे. पाऊस एकदम कोसळतो, नाही तर महिनाभर तोंड दाखवत नाही. दूरची आखणी हवी, यावर दुमत नाही. ती कुणी करावी? जाणकारांनी, असे आपण शिकलेली माणसे चटकन म्हणतो. निजामशाहीतल्या जाणकारांनी खापरी नळांनी नगरला पाणी आणले, ते कसब थोरच. पण नुसत्या कसबावर पाणी टिकत नाही, सांभाळणारे हात लागतात.

नगर तालुक्यातले हिवरे बाजार पाहा. दुष्काळाने माणसे गाव सोडत होती. १९९० नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना, ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळी लावायची नाही, असे ठरवले. गाव पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी पिण्याचे पाणी, मग पिके. ऊस सोडणे म्हणजे रोख पैसा सोडणे. हा नियम वरून लादला असता, तर रातोरात बोअर पडले असते. स्वतः ठरवला म्हणून पाळला गेला.

म्हणूनच लोकांना विचारणे हा शिष्टाचार नव्हे, न्याय आहे. ज्याला झळ सोसायची, त्याला 'नाही' म्हणण्याचाही हक्क हवा.

लोक आजचेच पाहतात, असा आक्षेप येईल. तो आम्हालाही लागू आहे. टँकर चुकला की आम्ही गर्दी करतो, दहा वर्षांनंतरच्या पाण्याची चर्चा निघाली की उठून जातो. परंतु ज्याला उद्याचे कधी विचारलेच नाही, तो आजसाठी ओरडायलाच शिकणार.

भिंगार छावणीचे गाव. देशातल्या ५७ कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या एप्रिल २०२३ मध्ये व्हायच्या निवडणुका रद्द झाल्या. तरी मशवऱ्यासाठी निवडणुकीची वाट पाहायला हवी असे नाही. मोहल्ल्यातल्या विहिरी मोजता येतात, शाळेच्या गच्चीवर पाऊस मोजता येतो. पाणी ही अमानत आहे, आणि तिचे खरे मालक अजून जन्मलेले नाहीत. त्यांच्या वतीने बोलायला कुणीतरी बसलेच पाहिजे. त्या बैठकीत पहिली जागा उशिरा येणाऱ्या मुलींची असावी.